सरांनी सुधारलेली ग्रहणं

भवानी पेठेतला संघपाल कॉलेजात लॅब अटेंडंट होता, आणि फिजिक्सचे हेड हत्तुरे सर त्याला ओळखायचे ते फक्त चहा सांगण्यापुरतं. गच्चीवरच्या दुर्बिणीला सरांनी कधी हात लावला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांची हयात गेली. एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची ग्रहणं सहा वर्षं संघपालनंच वहीत पेन्सिलीनं टिपली. गणितानं काढलेल्या वेळेपेक्षा ग्रहण कधी दहा मिनिटं लवकर लागे, कधी दहा मिनिटं उशिरा. न दिसणारा तिसरा तारा त्या जोडीला ओढत असणार, हे त्यानं ताडलं होतं.

सरांनी वही पाहिली आणि खोडरबर मागितलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलात पोरं उत्तर बघून रीडिंग बसवतात, तशा त्यांनी सगळ्या वेळा गणिताबरहुकूम करून टाकल्या. रबराचा चुरा फुंकरीनं उडवला आणि वर म्हणाले, "घड्याळ नीट बघत जा रे."

डॉक्टरेट मिळालेलं गाढव, संघपाल मनात म्हणाला.

यंदा दुसऱ्याच कुणीतरी त्या जोडीचा तिसरा तारा जाहीर केला. सर तणतणत लॅबमध्ये आले. "आपल्याला कसा सापडला नाही?"

संघपालनं चहा पुढं ठेवला. "सापडला हुता की सर. तुमीच फुंकर मारून टेबलावरनं उडवला."