पुठ्ठ्याचा दिनू

"हात काढा त्याच्यावरचा. तो मी आहे!"

दिनू ओरडत होता, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि बर्मिंगहॅमच्या त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दहा हजार दुकानदार फुकट मिळालेल्या पिशव्या खांद्याला लावून आमच्याकडे बघत उभे होते. दहा हजार जरा जास्त झाले. दिनू असता तर लगेच म्हणाला असता, "बाप्या, भागिले चार." माझी कुठलीही गोष्ट तो चारानं भागूनच ऐकायचा. तर अडीच हजार म्हणा. एका टोकाला मी पुठ्ठ्याच्या दिनूचे पाय धरलेले, दुसऱ्या टोकाला सिगारेट कंपनीच्या एका गुळगुळीत साहेबानं त्याचं डोकं धरलेलं, आणि मध्ये खरा दिनकर कारखानीस, उंची पाच फूट चार इंच, कोपराला ठिगळ लावलेल्या स्वेटरमध्ये. पुठ्ठ्याचा दिनू खऱ्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता. कंपनीनं वाढवला होता. म्हणजे त्या हॉलमध्ये वाढवून सांगणारा मी काही एकटाच नव्हतो. "सर, ही कंपनीची मालमत्ता आहे," साहेब हळू आवाजात म्हणाला. "असेल," दिनू म्हणाला, "पण तोंड माझं आहे, आणि ते मला घरी न्यायचंय."

ही यंदाच्या मार्चमधली गोष्ट. आणि सात आठवड्यांपूर्वी, सकाळी सहाच्या सुमारास, मी हीथ्रोच्या कार्गो शेडमध्ये फुलांच्या पेट्या उतरवून घेत होतो तेव्हा दिनूच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. रडणं नाही, काही नाही. "भाऊजी, जरा दुकानात येता का? पेपरचा गठ्ठा सोडायला हे वाकले, ते उठतच नाहीयेत..." मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती आणि गठ्ठ्याची दोरी अर्धी सुटलेली होती. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. बसलो की उठतो, उठलो की हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येतो. बायको म्हणते, घरात पिंजऱ्यातला वाघ फिरतोय असं वाटतं. वाघ कसला... पण ते नंतर.

दिनू साताऱ्याहून इथे ड्राफ्ट्समन म्हणून आला. तो कारखाना बंद पडल्यावर त्यानं बस गॅरेजजवळचं कोपऱ्यावरचं दुकान घेतलं, दूध, पाव, पेपर, लॉटरी आणि सिगारेटी. गिऱ्हाइकाचं नाव त्याला कधी आठवायचं नाही, पेपर मात्र आठवायचा. "तो डावीकडचा पेपरवाला आला होता, त्याला नातू झाला," असं तो सांगायचा. स्वतः आयुष्यात सिगारेट ओढली नाही. कॉलेजात एकदा मी पेटवून त्याच्या तोंडात दिली होती, तेव्हा तो तीन दिवस खोकला आणि चौथ्या दिवशी होस्टेलचं छप्पर उडालं. भागिले चार, ठीक आहे. पण दुकानात शिरणाऱ्या दहातली निम्मी माणसं सिगारेटसाठी यायची आणि जाता जाता दूध न्यायची, हे भागायची गरज नाही. काउंटरमागचं आतून दिवे लागणारं सिगारेटचं कपाट कंपनीनंच फुकट बसवून दिलं होतं. देवघरालासुद्धा दिनूनं इतके दिवे लावले नव्हते.

गेल्या वर्षी त्याच कंपनीनं आम्हाला प्रदर्शनाला नेलं. आम्हाला म्हणजे दिनूला, मी आपला सुट्टी काढून शेपटासारखा. टीव्हीवर, रस्त्यावर, मासिकांत कुठेच सिगारेटची जाहिरात करायची सोय उरली नव्हती, त्यामुळे सगळा थाट दुकानदारांपुढे. चॉकलेटवाल्यांचे, चिप्सवाल्यांचे गाळे म्हणजे जत्रेतली दुकानं, आणि सिगारेटवाल्यांचा म्हणजे लग्नाचा मांडव. त्यावर एक मध्यम आकाराचं विमान उतरवता आलं असतं, मी विमानतळावर नोकरी करतो, मला अंदाज आहे. मऊ सोफे, कॉफी, आणि कोपऱ्यावरच्या दुकानांत आपलीच माणसं जास्त हे हेरून ठेवलेले शाकाहारी समोसे, वर हिरवी पाटी. दिनूनं चार खाल्ले. मी किती खाल्ले ते सांगत नाही. मग एक गोड बोलणारी मुलगी येऊन बसली. म्हणाली, सरकार कायदा आणतंय, सिगारेटी यापुढे झाकून ठेवाव्या लागणार, लहान दुकानं मरणार, कंपनीचं कोण ऐकतं, पण तुमच्यासारखा साधा माणूस बोलला तर... इथे सही करा, आणि एक फोटो. दिनूनं माझ्याकडे बघितलं. रेवती, त्याची एकुलती एक लेक, क्रॉयडनकडच्या एका हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात नर्स. "तिला आवडायचं नाही रे," तो म्हणाला. आणि मी, हातातला समोसा न सोडता म्हणालो, "चार समोसे हाणलेस ना? मग खाल्ल्या मिठाला जाग. कर सही."

त्यानं सही केली.

फोटोचा घोळ निराळाच. फोटोग्राफरला काळजीत पडलेला दुकानदार हवा होता आणि दिनूचं तोंड जन्मजात हसरं. दुकान जळालंय असं समजा, म्हणाला. दिनू हसला. घरावर जप्ती आलीय असं समजा. आणखीच हसला. पंधरा-वीस मिनिटं हा खेळ चालला, माझी कॉफी निवली, आणि मी कंटाळून त्याच्या कानाशी लागलो. "दिन्या, समज रेवती घर सोडून गेली. परत येणार नाही म्हणाली." त्याचा चेहरा असा उतरला, असा उतरला की... इथे मला वाढवून सांगायला काही सुचत नाही. फोटोग्राफर म्हणाला, "ब्युटिफुल." परतीच्या बसमध्ये दिनू वॉटफर्डपर्यंत फुकटच्या पिशवीतले कागद चाळत होता. मग म्हणाला, "असलं अभद्र बोलू नये रे." मी म्हटलं, थाप होती. "चारानं भागलं तरी काहीतरी उरतंच की," तो म्हणाला.

उन्हाळ्यात त्या फोटोचं पत्रक निघालं. वर दिनूचं तोंड, खाली 'माझं दुकान हिरावून घेऊ नका.' कंपनीचं नाव असेल तर भिंग घेऊन शोधावं लागलं असतं. रेवतीच्या हॉस्पिटलात मीटिंगमध्ये कुणीतरी ते पडद्यावर दाखवलं, सिगारेटवाले कुणाच्या आडून बोलतात ते बघा म्हणून. लोक हसले. त्या शनिवारी ती दुकानात आली आणि पत्रक काउंटरवर ठेवलं. "बाबा, हे तुम्ही आहे?"

"अगं, त्यांनी खायला घातलं होतं."

"काय?"

"समोसे."

"फॉर अ समोसा, बाबा?" आवाज चढला नव्हता. "माझ्या वॉर्डमधले लोक बाथरूमपर्यंत चालत जाऊ शकत नाही. सगळे हसले, आणि मी काही बोलली नाही. हे माझे बाबा आहे, असं बोलली नाही. त्याचा मला जास्त राग आहे." मग म्हणाली, हा फोटो तिथून निघेपर्यंत मी येणार नाही. आणि ती आली नाही. दिवाळीला ड्यूटी, संक्रांतीला ड्यूटी. ती बोलत होती तेव्हा मी तिथेच, दुधाच्या उलट्या क्रेटवर बसलो होतो. एरवी माझं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी मी बुटाची नाडी बांधत होतो, चांगली पाच मिनिटं. सही कुणी करायला लावली ते दिनूनंही सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतर कधीच नाही.

त्यानं कंपनीला तीन पत्रं लिहिली, फोटो मागे घ्या म्हणून. तिन्हींना उत्तर आलं की आपल्या पाठिंब्याबद्दल आम्ही आभारी आहोत. म्हणून मार्चमध्ये आम्ही पुन्हा बर्मिंगहॅमला गेलो, या वेळी आमच्या खर्चानं, घरच्या पोळ्या बांधून. तिथल्या पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही असं दिनूनं मला बजावलं होतं. आणि मांडवाच्या दारातच तो उभा होता, पुठ्ठ्याचा, वीतभर उंच, हातात पाटी, चेहऱ्यावर रेवती घर सोडून गेलेली. पुढचा आरडाओरडा सांगितलाच आहे. सिक्युरिटीचे एक म्हातारे सरदारजी आले, त्यांनी एकदा पुठ्ठ्याकडे, एकदा दिनूकडे बघितलं आणि साहेबाला म्हणाले, माणूस स्वतःला उचलून घरी नेतोय, मी अडवू कुठल्या नियमात? मला ते असंच आठवतं. पण लोक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले आणि साहेबाला ते परवडणारं नव्हतं, हेही खरं. त्यानं डोकं सोडलं.

ट्रेनमध्ये तिकीट तपासनीसानं विचारलं, तिघांची तिकिटं? पुढे लंडनच्या भुयारी गाडीत, पिकॅडिली लाइनमध्ये, एका बाईनं उठून पुठ्ठ्याला जागा दिली. दिली म्हणजे... तिचं स्टेशन आलं होतं. मी हे सगळं रंगवून सांगत होतो आणि दिनू पुठ्ठ्याला खिडकीकडे तोंड करून धरून बसला होता. "रेवतीला आत्ताच फोन करू, का घरी पोचून?" एवढंच त्यानं चारदा विचारलं. हे चार खरे चार.

ती त्या रविवारी आली. पुठ्ठ्याला वरून खालून बघितलं आणि हसली. "बाबा, तुम्ही उंच दिसते." वहिनींनी केलेली पुरणपोळी खाल्ली. पत्रकं अजून कुठे कुठे पडली असतील, ते तिनं विचारलं नाही. मग चहाचा कप घेऊन ती काउंटरपाशी आली, आणि तिची नजर दिनूच्या मागे, दिव्यांच्या कपाटाकडे गेली. "आणि हे?"

"हे काढलं तर दुधालासुद्धा कुणी यायचं नाही, बेटा."

"माहीत आहे," ती म्हणाली. चहा संपवून क्रॉयडनला गेली. त्यानंतर दर रविवारी फोन करायची. हवा, आईचे गुडघे, शेजाऱ्यांचं मांजर. कपाटाचा विषय ती काढायची नाही, हाही नाही. समेट म्हणावा तर तसा नाही, भांडण म्हणावं तर तेही नाही. दिनूनं कात्रीनं पाटी कापून टाकली आणि पुठ्ठा मालाच्या खोलीच्या दाराशी उभा केला. काही मागावं तसा त्याचा रिकामा हात पुढे. त्या हातावर दिनू रोज दुकानाचा ॲप्रन टांगायचा. "बरा नोकर मिळाला," म्हणायचा, "माझ्यापेक्षा गंभीर आहे."

तो गेल्यावर रेवती रजा काढून आली, कारण वहिनींना एकटीला दुकान झेपणारं नव्हतं. पहिल्या सकाळी पहिल्या गिऱ्हाइकानं वीस सिगारेटींचं पाकीट मागितलं. तिनं न बघता हात मागे नेला आणि नेमकं तेच पाकीट काढून दिलं. त्याच दुकानात गृहपाठ करून वाढलेली पोर, हाताला जागा पाठ. गिऱ्हाईक गेल्यावर ती थोडा वेळ तो हात बघत राहिली.

अंत्यसंस्कार झाल्यानंतरच्या शुक्रवारी मी गेलो. ती चिप्सचे रिकामे खोके उघडून सपाट करत होती. पुठ्ठ्याच्या हातावर ॲप्रन तसाच. मी न बसता सांगायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच गोष्ट लहान करून सांगितली. सही मी करायला लावली. आणि तो चेहरा दुकानासाठी नाही, सिगारेटसाठी नाही, तू घर सोडून गेलीस असं मी त्याच्या कानात म्हटलं, त्याचा आहे. एवढ्याला भागू नये. तिनं हातातला खोका पूर्ण सपाट केला. मग उठून पुठ्ठ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ. ॲप्रनची सुटलेली गाठ नीट केली आणि परत खोक्यांकडे आली. "कार्डबोर्ड कौन्सिलवाले गुरुवारी नेते, काका," म्हणाली. "त्याला पण बाहेर ठेवीन."

तेव्हापासून पाच गुरुवार झाले. दर गुरुवारी सकाळी आठ वाजले की माझे पाय घरात ठरत नाहीत. कौन्सिलची रद्दीची गाडी दुकानावरून गेली असेल, हा हिशेब करत मी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर करतो आणि शेवटी फोन लावतो. कालही लावला. म्हटलं, रेवती, ठेवलास का गं बाहेर?

"विसरली, काका," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी."