बारा पस्तीसचा मुहूर्त आणि गोरेगावची लिंक

२००७ च्या उन्हाळ्यात गोरेगावात इंटरनेट होतं आणि ते साधनामुळे होतं. नामाजी मेंढपाळाची ही थोरली लेक. हिंगोलीला कॉम्प्युटर शिकून आली आणि बाजारातल्या एका खोलीत तीन कॉम्प्युटर मांडून बसली. छतावर जाळीची डिश होती. सेनगावच्या मनोऱ्यावरून तिच्यात बिनतारी लिंक यायची.

एप्रिल लागला आणि ती लिंक दुपारी मरायला लागली. रोज नाही. कधी दोन दिवस लागोपाठ, कधी आठवडाभर काहीच नाही. अर्धा-पाऊण तास बंद, की पुन्हा ठणठणीत. मनोरा आणि डिश ज्यांची, ते भागवतशेठ शेवटी फोनवर कडाडले, "सोमवारी परत पडली, तर डिश उतरवून डोंगरकडा गावात लावतो!" डिश गेली की साधनाचा धंदा गेला, म्हणजे पुन्हा मेंढरांमागे. मेंढरांशी तिचं वैर नव्हतं, पण त्यांचं आणि तिचं कधी जमलंही नव्हतं.

तिनं नांदेडच्या मैत्रिणीकडून अंगठ्याएवढं एक यंत्र मागून आणलं. ते लॅपटॉपला लावलं की हवेतल्या लहरी पडद्यावर रंगीत उंचवटे होऊन दिसायच्या. शनिवारी दुपारी एक पन्नासला लिंकच्या उंचवट्यावर भलतंच टेकाड चढून बसलं आणि लिंक गुदमरली. शेजारच्या मैदानात तेव्हा लग्न होतं. साधनानं लगेच पत्रिका काढून पाहिली. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि बारा पस्तीसला तर लिंक उत्तम चालली होती! म्हणजे लग्नाचा काही संबंध नाही, असं ठरवून तिनं लग्न यादीतून खोडलं आणि गिरणीवाल्यावर संशय घेतला. त्याला दोनदा गिरणी बंद करायला लावली. तो अजून तिच्याशी बोलत नाही.

समोरच्या निर्मलाबाईंनी हे ऐकलं आणि त्या पोट धरून हसल्या. "अगं लेकरा, गोरेगावात पत्रिकेतल्या टाइमाला लगीन लागलेलं तू कधी पाह्यलंस व्हय? बारा पस्तीसला तर नवरदेव पारावर फेटा बांधून राहिला असतो!"

साधनानं कपाळावर हात मारला. एवढी शिकलेली पोरगी, आणि छापील मुहूर्तावर विश्वास ठेवून बसली होती!

सोमवारी मैदानात पुन्हा लग्न, मुहूर्त पुन्हा बारा पस्तीस. साधनानं दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात अँटेना बसवली आणि यंत्राला जोडली. डबा जिकडे रोखावा, तिकडच्याच लहरी दिसायच्या. एका हातावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात डबा, कानाला ओढणीनं बांधलेला फोन, फोनवर लिंक बघत बसलेले भागवतशेठ. असं ध्यान मांडवात शिरलं. लोकांना वाटलं, नवा कॅमेरा आला. डबा वळेल तिकडे बाया पदर सारखा करून उभ्या राहायला लागल्या. एकीनं तर तिला हळदीकुंकूही लावलं.

पावणेदोनला पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. पडद्यावर टेकाड उभं राहिलं. "गेली!" शेठ ओरडले. साधना डबा रोखत, पाहुण्यांच्या पायांवर पाय देत थेट स्टेजपाशी पोचली. तिथं शूटिंगवाला संतराम उभा होता आणि त्याच्या कॅमेऱ्याला शेंडीवाली एक डबी लावलेली होती.

"संतरामभाऊ, हे काय हाय?"

"ताई, ह्याच्यानं लगीन बिनतारी टीव्हीवर दिसतं. मागच्या बायांना नवरी दिसावी म्हणून."

डबीच्या पोटाला चार आकड्यांचं बटण होतं. "हे चौथ्यावर कर!"

"अन् मंगलाष्टकांत टीव्हीवर मुंग्या आल्या, तर बाया मला जित्ता ठेवतील काय?"

साधनानं डबा काखेत मारून स्वतःच बटण फिरवलं. मागं बायांचा एकच गलका उठला. पडद्यावरचं टेकाड मात्र उडी मारून पार दुसऱ्या टोकाला गेलं, आणि कानात शेठ ओरडले, "आली!"

"झालं! झालं!" साधना नाचतच किंचाळली.

बँडवाला कोंडीबा इशाऱ्याचीच वाट पाहत होता. त्यानं पिपाणी फुंकली. अंतरपाट सुटला, अक्षतांचा मारा झाला, नवरानवरीनं गोंधळून एकमेकांना हार घातले. भटजींची दोन मंगलाष्टकं तोंडातच राहिली आणि त्यांनी असे डोळे वटारले की साधनाचं पाणी पाणी झालं.

"बारा पस्तीस कवाच गेलं, महाराज," निर्मलाबाई मागून म्हणाल्या. "आता दोन कडव्यांनी काय बिघडून राहिलंय?" सगळा मांडव हसला. भटजीही हसले.

"तिकडं बँड काहून वाजून राहिला?" फोनवर शेठ.

"लगीन लावलं, शेठ. सापडलं! शूटिंगवाल्याची डबी होती. तिचा नंबर बदलला की झालं."

"अन् दर लग्नात जाऊन तो नंबर कोन बदलणार?"

"मी!"

शेठ म्हणाले, "मंग डिश राहू दे तिथंच."

साधना तिथेच, चपलांच्या ढिगात, मटकन बसली आणि हसता हसता हमसून रडायला लागली. नवरीची आई धावत आली. ही पोर आपल्या लेकीच्या पाठवणीसाठीच एवढी रडतेय, असं तिला वाटलं, आणि साधनाच्या गळ्यात पडून तीही भोकाड पसरून रडली.