उंडीखालची जागा

धोंडू कुबलाला कामाची आवड आहे असं म्हणणारा माणूस अख्ख्या वायरी गावात शोधून सापडला नसता. मात्र कामातलं नेमकं काय आवडतं हे त्याचं दर दहा वर्षांनी बदलत असे, आणि कुणी न विचारता तो ते सांगत फिरे.

अठराव्या वर्षी त्याला रापणीच्या होडीत पुढच्या टोकाला उभं राहायचं होतं. रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर तीस-चाळीस जणांनी किनाऱ्यावरून ओढायचे. होडीत पुढे उभ्या राहणाऱ्याचा उपयोग शून्य, वल्हवणाऱ्यांच्या शिव्या तेवढ्या मिळतात. पण मासळीच्या टोपल्या, म्हणजे पाट्या, घेऊन किनाऱ्यावर थांबलेल्या बायकांना आधी तोच दिसतो. नर्मदेलाही तो असाच दिसला. "माका वाटला, होडीत खांब रोवलेलो आसा," असं ती पुढे सांगायची. लग्न तरीही झालं.

तिशीत घरात चार पोरं झाली आणि धोंडूला पाण्यातला दोर आवडू लागला. पाण्यात उभं राहून ओढणाऱ्याच्या पायाशी जाळ्यातून निसटलेला मासा आला, तर तो त्याचा. धोंडूच्या बाजूने मासे जरा जास्तच निसटत. चाळिशी उलटल्यावर तो कोरड्या वाळूवर सरकला, कारण तिथे विडी भिजत नाही.

पंचावन्नाव्या वर्षी त्याला बसायचं होतं. एकसष्ट साल होतं. नायलॉनची जाळी नुकतीच येऊ लागली होती, आणि त्यांच्याबद्दल सगळे तावातावाने बोलत. धोंडूचं लक्ष मात्र उंडीखाली. किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर उंडीचं जुनं झाड होतं. त्याच्या सावलीत बसून एका म्हाताऱ्याने समुद्रावर नजर ठेवायची. पाणी काळपट पडून त्यावर बारीक खळबळ दिसली की मासळीचा थवा आला. लगेच फडकं हलवायचं, होडी सुटायची. ओढायचं काही नाही, वाटा मात्र पुरा. गुडघे गेलेल्या माणसाला याहून चांगली नोकरी सरकारनेही दिली नसती. उंडीखालचे भाई मोंडकर मुलाकडे मुंबईला गेले आणि धोंडूने वयाचा हक्क सांगून जागा धरली. ती नसती मिळाली, तर दिवसभर घरात सुनांच्या पायांत यायचं, एवढंच बाकी होतं.

अडचण एकच होती. धोंडूला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. होडी आणि खडक यांतला फरक त्याला होडी हलली तरच कळे.

त्याला वाचवलं नर्मदेने. मासळीची वाट बघत ती उंडीमागे उभी राही आणि हळूच म्हणे, "उठा, फडको हालवा. बांगडो इलो." की धोंडू ताडकन उठे. तीन महिन्यांत एकदाही जाळं रिकामं आलं नाही. रापणीचा मुख्य बाबली तारी चारचौघांत म्हणू लागला, "धोंडूदादाचो डोळो म्हणजे घारीचो." धोंडू हे ऐकून मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

मग महाशिवरात्र आली आणि नर्मदा बहिणीबरोबर कुणकेश्वराच्या जत्रेला गेली, तीन दिवसांसाठी. पहिले दोन दिवस धोंडूने फडक्याला हात लावला नाही. तेवढ्यात शेजारच्या वाडीच्या रापणीला होडी भरून बांगडा मिळाला. धोंडूपेक्षा दोन महिन्यांनी लहान, म्हणून जागा हुकलेला गणपत मोठ्याने म्हणाला, "उंडीखाली झोप बरी लागता वाटता!"

तिसऱ्या दिवशी सकाळी धोंडूला पाण्यावर काळं काहीतरी दिसलं. चांगलं मोठं, आणि सरकतही होतं. त्याने देवाचं नाव घेतलं आणि फडकं असं हलवलं की खांदा निखळायचाच बाकी राहिला. होडी सुटली, जाळं पडलं, चाळीस माणसं दोन तास ओढत राहिली. वर आलं शेवाळ आणि एक फुटकी पाटी. धोंडूने ढगाच्या सावलीला जाळं घातलं होतं.

"आवशीचो घोव!" बाबली ओरडला. "उद्यापासून गणपत बसतलो हंय."

दुसऱ्या दिवशी नर्मदा आली ती प्रसाद हातात घेऊनच किनाऱ्यावर. उंडीखाली गणपत ऐसपैस बसला होता आणि धोंडू दोराच्या शेपटाशी गुडघे चोळत उभा. काय झालं ते तिला दोन वाक्यांत कळलं.

"बाबली," ती म्हणाली, "ह्येंका दिसणा नाय. तीन म्हयने मी बघतंय आणि हे फडको हालवतत."

धोंडूला वाळूत गडप व्हावंसं वाटलं. गडीमाणसं आधी हसली, मग तीन महिन्यांत किती बांगडा आला ते बोटांवर मोजू लागली. बाबलीने गणपतला विचारलं, "तुका काय दिसता?"

"काय नाय. पाणी."

"माका पेडवे दिसतत," नर्मदा म्हणाली. "खडकाच्या डावीकडे. थवो फुटतलो आता, बोलत रवा हंयच."

होडी सुटली. जाळं ओढताना दोर करकरू लागले तेव्हाच सगळ्यांना समजलं. पेडव्यांच्या बारीक चंदेरी मासळीने वाळू पांढरी झाली. बाबलीने गणपतला खूण केली, आणि तो पुटपुटत उठला.

"बस गो नर्मदाकाकी. बाईल माणूस बसला नाय कधी, पण बस. वाटो पुरो."

"बसतंय. पण ही पाटी कट्ट्याक कोण न्हेतलो?"

सगळ्यांनी धोंडूकडे पाहिलं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चार कोस चालत कट्टा गावच्या बाजाराला जायचं, हे नर्मदेचं काम. एष्टी होती, पण मासळीच्या पाटीला नव्हती. वाटा घरातच राहिला म्हणून धोंडू खूष होता, त्या भरात तो म्हणाला, "मी न्हेतंय. त्येत काय आसा?"

त्यात काय आहे ते पहिल्या कोसात कळलं. पाटीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. टेकायचं म्हटलं तर पाटी परत डोक्यावर चढवायला कुणी नाही, म्हणून टेकायचंही नाही. सवयीप्रमाणे धोंडूने या कामात आवडण्यासारखं काय आहे ते शोधलं. अठराव्या वर्षी काय, तिशीत काय, पंचावन्नाव्या वर्षी काय, काहीच सापडेना. आणि नर्मदा तर लग्नाच्या आधीपासून हेच करत होती.

कट्ट्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या सावित्रीने पाटी उतरवायला हात दिला. तिने त्याला ओळखलं आणि आजूबाजूला पाहिलं.

"नर्मदा खंय?"

"उंडीखाली बसली आसा."

सावित्रीच्या हातातली जुडी तशीच राहिली. "बसली? अगो बाये! काय झाला तिका?"

लाजेने मान खाली घालून धोंडू पाटीतले पेडवे मांडू लागला.