मानेवरचे तीन ठिपके

"मावशी, माझ्या रेघा कुठं गेल्या?"

"घासून काढल्या की! डाक्तरकडं यायचं म्हंजी मान सोच्छ नको?"

मी कपाळाला हात लावला. सलग तिसरा दिवस होता.

एकोणीसशे छत्तीस-सदतीसचा सुमार. नाशकातल्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे असिस्टंट होतो. ठकूबाई सिन्नरकडच्या. मानेवर कॅन्सरची गाठ, तीही वाढती. ऑपरेशन करण्याजोगी नव्हती. किरणांनी बसली तर बसली, नाहीतर हात टेकायचे.

किरण एकाच बाजूनं सोडले, तर गाठीआधी कातडी भाजते. म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी नवा प्लॅन काढला. तीन बाजूंनी थोडे थोडे किरण सोडायचे. कातडीला तेवढे सोसतात आणि गाठीत मात्र तिन्हीकडचे एकत्र होतात. झकास! फक्त किरण सोडणारी नळी रोज त्याच तीन जागी लागली पाहिजे. त्यासाठी मी जांभळ्या औषधानं रेघा काढत होतो आणि बाई त्या डाळीच्या पिठानं घासत होत्या. गाठीवरून अंदाज घ्यावा, तर ती बसायला लागली की खूणच हलणार.

"मान धुवायची नाही!" साहेब कडाडले.

"बिनआंघुळीची ऱ्हाऊ? त्यापरीस मरन बरं," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी नको तिथं लाल चट्टा उठला. नळी बोटभर सरकली होती. चूक माझ्या हातची. साहेबांनी उपचार थांबवले.

दुसऱ्या दिवशी मी चट्ट्याला मलम लावत होतो. तोंडही चालूच होतं. "मावशी, तुमच्या घासण्यापुढं टिकेल असं जगात काही आहे का हो?"

बाईंनी हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. "ह्ये बघ. न्हान व्हते तवाचं हाय. लय घासलं, गेलं का?"

मी मलमाची डबी तशीच टाकून साहेबांकडे पळालो.

"गोंदणारी? माझ्या दवाखान्यात?" साहेब म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"साहेब, तीनच ठिपके. तिळाएवढे."

त्यांनी जाऊन ठकूबाईंच्या हातावरचं गोंदण बोटानं घासून पाहिलं. मग म्हणाले, "सुया मी उकळणार."

पंचवटीतून गोंदणारी आली. साहेबांनी मोजून खुणा केल्या आणि तिनं त्यावर टोचलं. तिनं फुलाचा आग्रह धरला, तो आम्ही मोडून काढला. चट्टा आणि ठिपके बरे होईपर्यंत थांबलो, मग पुन्हा सुरुवात केली. आता नळी रोज बिनचूक बसू लागली. ठकूबाई मनसोक्त घासून येत आणि मी ऐटीत "घासा, घासा!" म्हणे. गाठ सुपारीएवढी झाली, मग वाटाण्याएवढी. एके दिवशी साहेबांची बोटं मानेवर नुसतीच फिरत राहिली. गाठ हाताला लागतच नव्हती.

वर्षानं ठकूबाई भुईमुगाच्या शेंगा घेऊन तपासणीला आल्या. मान साफ. फक्त आमच्या प्रत्येक ठिपक्याभोवती पाच पाकळ्या होत्या.

"बोडके ठिपके बरे दिसत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

साहेब हसता हसता खुर्चीत बसले. त्यानंतर नवा प्लॅन आखताना ते पेन्सिल उचलण्याआधी रोग्याला एक प्रश्न हमखास विचारत: "आंघोळ कशानं करता?"