वांगावरचं तेल

“आधी कानना मांगे,” म्हणत अक्का गिऱ्हाइकाचा कान धरायची आणि मागे तेलाचा एक थेंब लावायची. दोन दिवसांत खाज सुटली नाही, तरच बाटली. पिंप्राळ्यातला एकही कान तिच्या हातून सुटला नाही. माझा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे, तो त्यामुळेच.

अक्का मूळची धुळ्याकडची. करडईच्या तेलात ज्येष्ठमध मुरवून ती वांगावर, म्हणजे गालावरच्या काळसर डागांवर, तेल द्यायची. तिच्या स्वतःच्याच गालावर जामनेर तालुक्याच्या नकाशाएवढं वांग. कुणी विचारलंच तर म्हणायची, “बठ्ठं तेल तुम्हीच लई जातस, माले कुठे उरस?” आणि लगेच खरं सांगायची, “डाग जाई नही, फिका पडी. तीन महिना लाव, उनमा तोंड झाक.”

पहूरच्या एका भाऊंनी असंच तेल नेलं. मागवलं होतं बायकोनं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला या तोंडानं जाणार नाही, म्हणून ती हटून बसली होती. भाऊंच्या डोक्यात मात्र वांग म्हटलं की भरीत. त्यांनी बाटली शेतातच उघडली, वांग्यांना चोळली, वांगी भाजली आणि चाळीस माणसं जेवली. मी ऐकलं ते चारशे.

चौथ्या दिवशी भाऊ दारात. “अक्का, भरीत भारी झालं, जरासं गोड लागलं. पण बायको बोलत नाही, अन् लग्न परवा आहे.”

अक्का इतकी हसली की वरचा पंखा उलटा फिरला. मग दुसऱ्या बाटलीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. “दोन दिवसमा काय व्हई?” दुकानाला कुलूप घालून ती माझ्या स्कूटरवर बसली नि म्हणाली, “पहूर.”

तिथं तिनं त्या बाईला एवढंच सांगितलं, “तुले कोनी बोलनं, तं मन्हाकडे धाड. मी येस तुनासंगे.”

लग्नात दोघी शेजारी शेजारी, पहिल्या रांगेत. मावश्या टोमणे घेऊन आल्या नि तेलाच्या बाटल्या मागवून गेल्या. नवरीपेक्षा जास्त गर्दी या दोघींभोवती.

महिन्यानं अल्बम आला. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर दोघींचे गाल पुसून कणकेच्या गोळ्यासारखे करून ठेवले होते. त्या बाईनं अल्बम नवऱ्याच्या हाती परत धाडला. “ही कोण बया? माझं तोंड आणा परत.”

यंदा अक्का धुळ्याला लेकीकडे राहायला गेली. निघताना एसटीत तिच्या मांडीवर फोटोवाल्याकडून परत दुरुस्त करून आणलेला तो फोटो होता. वांग जिथल्या तिथं, आणि हसता हसता दोघींचे डोळे मिटलेले.