निळा नळ

एप्रिलमध्ये आम्ही नवरा-बायको आखातातल्या आमच्या अल हैलहून जॉर्जियाला आठवडाभर स्कीइंगला गेलो. दोन दिवस धुकं, मग पाऊस, मग बर्फाचा नुसता चिखल. मी सगळ्यात सारख्याच निष्ठेने आपटले, पण हूं की चूं केलं नाही. किंचाळायचे ती रोज संध्याकाळी, हॉटेलच्या शॉवरखाली. आमच्या घरी गच्चीवरची टाकी उन्हाने इतकी तापते, की गरम पाण्याला निळा नळ आणि गार पाण्याला घरात सावलीला असलेल्या बंद गिझरचा लाल, हे हाताला पाठ झालेलं; हॉटेलातही गरम पाण्यासाठी हात निळ्याकडेच जायचा. सातव्या दिवशी एकदाचा मी लाल उघडला. "शिकलीस बाई!" नवरा म्हणाला.

घरी परतले ती घामाघूम. गार पाण्यासाठी ऐटीत निळा उघडला.

स्कीइंगमध्ये साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. पाठ पोळली ती अल हैलमध्ये.