आवाजाशिवायची श्रद्धांजली

एक जपानी चित्रपट-संगीतकार वारला, म्हणून आमच्या फिल्म क्लबने त्याचा एक सिनेमा दाखवायचं ठरवलं. आधी मी दहा मिनिटं बोललो. हा माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांखाली सूर अंथरत राहिला, त्याचं संगीत काढलं तर पडद्यावर नुसत्या सावल्या उरतील, असं बरंच काही. टाळ्या पडल्या.

सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला स्पीकर गेला. सेक्रेटरी वैद्यबाई उठल्या. "थांबवू या का?"

"चालू द्या हो!" मागून नाडकर्णी ओरडले. "खाली इंग्रजीत येतंय ना सगळं. नाहीतरी जपानी कुणाला कळतंय?"

हशा पिकला. मीही हसलो.

पुढचे दोन तास पंख्यांची घरघर ऐकत आम्ही त्याला श्रद्धांजली वाहिली. सिनेमाच्या शेवटी म्हातारी आई स्टेशनवरून एकटीच परत फिरते. इथे त्याची बासरी मला दरवेळी रडवते, हे मी भाषणातही सांगितलं होतं. आज बासरी नव्हती. मी रडलो, नेहमीच्याच जागी, नेहमीइतकाच.

आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे प्रत्येकाला कधीतरी कळतंच. पण ते आपल्याच श्रद्धांजलीत, चाहत्यांच्या साक्षीनं सिद्ध व्हावं? मेला होता म्हणून सुटला बिचारा.

दिवे लागले. नाडकर्णी डोळे पुसत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "त्या बासरीबद्दल बोललात ना, ते आज अगदी पटलं."